परमुलखाचं लाकूड

भारी धान, म्हणजे उशिरा पिकणारा भात, निसवला की आमच्याकडच्या हवेला एक गोडसर, दुधाळ वास येतो. लोंबीत अजून दाणा भरलेला नसतो, नुसतं दूध असतं. नखानं दाबलं तर पांढरा थेंब वर येतो. हा वास माणसाला आवडतो, पाखरांना आवडतो आणि रानडुकरांना तर विचारूच नका. म्हणून या दिवसांत वासापाठोपाठ आवाज यायचा. दिवस कलला की जंगलाच्या कडेच्या एखाद्या बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, बंदुकीचा एक बार निघायचा, थोड्या वेळानं दुसरीकडून दुसरा, आणि गावातली कुत्री आपापल्या परीनं त्यांना उत्तरं द्यायची.

आता बार कमी झालेत. धुऱ्यांवर, शेताच्या बांधांवर, तारा आल्या, जुन्या लुगड्यांची कुंपणं आली, आपोआप वाजणारे भोंगे आले. परवा मात्र संध्याकाळी अंगणात तूर निवडत बसले होते आणि केशोरीच्या बाजूनं एक बार ऐकू आला. भोंग्याचा नाही, खराखुरा. मी घराकडे वळून म्हणाले, "ऐकला का? कोणाचा हो हा?" घरात कोणी नव्हतं. मिस्त्री जाऊन काही वर्षं झाली, पण माझ्या जिभेला ते अजून कोणी कळवलेलं नाही.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. सारं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं. लग्नानंतर थोडे दिवस मी 'अहो' वर भागवलं, मग मीही मिस्त्रीच म्हणू लागले. मी इथल्या शाळेत बाई, ते सुतार. दारं, चौकटी, नांगर, बंडीची चाकं, सगळंच करायचे. पण दूरदूरच्या टोल्यांवर, म्हणजे वाड्यापाड्यांवर, त्यांचं नाव होतं ते बंदुकीच्या कुंद्यासाठी. पुस्तकात ज्याला दस्ता म्हणतात, बंदुकीचा तो खांद्याला लागणारा लाकडी भाग, त्याला आमच्याकडे कुंदा म्हणतात. पीक राखायला परवान्याची भरमार बंदूक तेव्हा जंगलाकडच्या बऱ्याच घरांत असायची. नळीत दारू ठासायची नि बार काढायचा. लोखंड बापाकडून लेकाकडे जातं आणि कुरकुरत नाही. लाकूड तडकतं, फुगतं, वाळवीला आवडतं. मग निसव्याच्या तोंडावर माणसं आमच्या अंगणात येऊन बसायची.

आमचं घर बौद्ध. सासूबाई सकाळी मूर्तीसमोर मेणबत्ती लावून पंचशील म्हणायच्या. जीव घेणार नाही, हे त्यातलं पहिलंच. ते म्हणून होतं न होतं तोच बाहेर मिस्त्रींचा रंधा सुरू व्हायचा. सासूबाईंना ते खुपायचं.

"सकाळी शील घेतोस अन् दिवसभर बंदुका करून राहिला. कसा बाप्पा तुह्या जिवाले चालते?"

"मी लाकूड करतो, माय," मिस्त्री म्हणायचे. "लोखंडाले हात नाही लावत. अन् बार आभाळात काढा, असं सांगतो ना लोकाईले."

खरोखर सांगायचे. लोखंडाला हात लावायचे नाहीत, हेही खरं. नळी आणि घोडा मालकानं स्वतः काढायचा, काम संपेपर्यंत अंगणात समोर बसायचं आणि लोखंड स्वतःच्या मांडीवर ठेवायचं, असा त्यांचा दंडक होता. बार आभाळात काढायला सगळे हो म्हणत. कितीजण ऐकत, ते त्यांचं त्यांना ठाऊक. सासूबाई म्हणायच्या, "तुह्या गिऱ्हाइकाईनं आभाळाची चाळनी केली असन आतापावेतो."

हे काम ते गोंदियात एका उस्तादांच्या दुकानात शिकले. उस्ताद हिंदी बोलायचे, कमी बोलायचे आणि शिव्या द्यायचे त्याही अदबीनं. त्यांनी मिस्त्रींना वर्षभर हत्यार हातात दिलं नाही, फक्त लाकूड बघायला लावलं. फळी निवडणं हीच अर्धी कारागिरी, असं त्यांचं म्हणणं. कुंद्याला एक बारीक जागा असते, जिथं आपण मूठ आवळतो. तिला ते कलाई म्हणत, मिस्त्री मनगट म्हणत. बाराचा सारा हिसका तिथं येतो. म्हणून मनगटात रेघ सरळ पाहिजे, लाकडाच्या वळणासोबत वाहत गेलेली. तिथं गाठ नको, नक्षी नको. नक्षी पाहिजे तर मागं, खांद्याकडच्या रुंद भागात असू दे. तिथं लाकडाला मिरवायला वेळ असतो. मी पुढं हे वर्गात मुलांनाही सांगितलं, अर्थात बंदुकीचं नाव न घेता.

मिस्त्री फळी बघायला लागले की मी भाजी चुलीवरून उतरवून ठेवायची, कारण आता जेवण लवकर होणार नाही हे ठरलेलं. आधी फळी उन्हात आडवी धरायची. मग ओल्या फडक्यानं पुसायची. पाणी लागलं की लाकूड पोटातलं सांगतं. मग बोटाच्या पेरानं टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, कान जवळ नेऊन. कुठं आवाज बसका आला की तोंड वाकडं. शेवटी नाक. आणि एवढं सगळं करूनही शंभरातल्या नव्वद वेळा "नाही" म्हणून फळी भिंतीला लावून द्यायची. मी एकदा म्हणाले, "मला बघायला आलात तेव्हा तर एका चहात होकार दिलात. ना उन्हात धरलं, ना वाजवून पाहिलं."

"तू कपबशा घेऊन आली तवा एक बशी खाली पडली," ते म्हणाले. "तू ती उचलली अन् तसाच चहा आणून दिला, घाबरली नाही. मनगट सरळ आहे म्हटलं." हे त्यांनी लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर सांगितलं. तोवर मी समजत होते की त्यांना बशी दिसलीच नाही.

आमच्या माळ्यावर एक फळी होती. ती अक्रोडाची. उस्तादांनी दुकान बंद केलं तेव्हा हत्यारं दुसऱ्या शिष्यांना दिली आणि ही फळी मिस्त्रींच्या खांद्यावर ठेवली. "पहाड का है," ते म्हणाले, "इसे जल्दी मत छेडना." काश्मीरकडचं लाकूड. दोन्ही टोकांना मेण लावलेलं, भेगा पडू नयेत म्हणून. रंग चहात दूध कमी पडल्यासारखा, आणि एका बाजूला बारीक काळ्या रेघा, नदी ओसरल्यावर वाळूत उरतात तशा. गंमत म्हणजे त्या रेघा एका टोकाला एकमेकींत गुंतत, फिरत, दाट होत गेल्या होत्या आणि मनगटाच्या जागी आल्या की शहाण्या पोरींसारख्या रांगेनं सरळ. म्हणजे जिथं जे पाहिजे तिथं तेच. मिस्त्री दर उन्हाळ्यात ती खाली काढायचे, पुसायचे, तळहातावर तोलायचे आणि परत वर ठेवायचे.

"तिचं एकदा लग्न तरी लावून द्या," मी म्हणायची.

"योग्य माणूस आला की देऊ."

गोंदियाचे एक राइस मिलवाले एकदा जीप घेऊन आले. त्यांच्याकडे शिकारीच्या काळातली देखणी विलायती बंदूक होती. त्यांना फळी पसंत पडली, म्हणाले मागाल ते देतो. पण त्यांना नक्षी मनगटावर पाहिजे होती, चारचौघांत बंदूक हातात धरली की मुठीजवळ दिसावी म्हणून. मिस्त्री म्हणाले, तशी कापली तर फुटेल. ते म्हणाले, फुटू दे, वापरायची कोणाला आहे. मिस्त्रींनी त्यांना चहा पाजला, फळीला फडकं गुंडाळलं आणि माळ्यावर चढवली. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता आणि थोडा अभिमानही, पण मी फक्त रागच बोलून दाखवला.

मग नव्याण्णव सालचा तो निसवा आला. त्या वर्षी ऐन पावसाळ्याच्या शेवटी निवडणुका होत्या. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या परत मिळेपर्यंत धान दुधावर आला होता आणि डुकरांनी कुठं कुठं बांध्या लोळवायला सुरुवात केली होती.

अशा एका सकाळी सुकवारोबाई आली. जंगलाला लागून असलेल्या टोल्यावरची ही गोंड बाई. लहान चणीची, काटक, बोलणं तोडून टाकल्यासारखं. तिची मुलगी सरिता माझ्याच शाळेत तिसरीत होती, वर्गातल्या साऱ्या पोरांत डोकं वर निघालेली. बापाची उंची घेतली होती तिनं. तो बाप, जंगलखात्याच्या कामावर रोजानं जाणारा उंच, शांत माणूस, आदल्या वर्षी तापानं गेला होता. बंदुकीचा परवाना खेटे घालून सुकवारोच्या नावावर झाला होता. जमिनीचं मात्र दुखणं होतं.

"देवर म्हनते, बाईमानसाच्यानं रातची जागल होत नाही," ती मिस्त्रींना म्हणाली. "म्हनते, बांध्या मी वाहतो, तुले खायापुरतं देतो. मी म्हटलं, यंदाचा धान राखून दाखवतो. नाही राखला तर घेजो."

"मग?"

"मग हे." तिनं बंदूक पुढं केली. कुंदा मनगटाशी तडकलेला, तांब्याच्या तारेनं आवळून बांधलेला. आणि तडकलेला नसता तरी तिच्या कामाचा नव्हता; नवऱ्याच्या लांब हाताच्या मापाचा. तिनं खांद्याला लावला तर तिची मान ताणून ताणून लाकडापर्यंत पोचेना.

दीर वाईट नव्हता, हेही सांगायला पाहिजे. त्याला खरोखर वाटत होतं की हे बाईचं काम नाही. पण एकदा बांध्या त्याच्या नांगराखाली गेल्या की सरिताच्या वाट्याला पुन्हा आल्या नसत्या, हे सुकवारोला दिसत होतं आणि आम्हालाही.

मिस्त्रींनी माप घेतलं. त्यांची माप घ्यायची रीत अशी: माणसाच्या हातात एक लाकडी नमुना द्यायचा आणि म्हणायचं, डोळे मिटा. आता उचला, खांद्याला लावा. आता उघडा. डोळे उघडल्याबरोबर नजर सरळ नळीवरून गेली पाहिजे. मान हलवावी लागली की माप चुकलं. डोळे उघडे ठेवून उचललं तर माणूस नकळत स्वतःला लाकडासारखं करून घेतो, असं ते म्हणायचे. सुकवारोनं डोळे मिटले, उचलला, उघडले. मिस्त्री नमुन्याला कमीजास्त करत राहिले. ऑक्टोबरचं ऊन चटचट लागत होतं. तिच्या अंगावर पातळसं लुगडं, कपाळावर घाम, बाजूला सरिता आईच्या बंदुकीचं लोखंड मांडीवर धरून बसलेली.

माप झालं. मिस्त्री आत गेले आणि बिज्याची, पुस्तकातल्या बिबळ्याची, एक फळी घेऊन आले. तिच्यासाठी त्यांनी मनात तीच धरली होती. वाळलेली, निर्दोष, आवाज खणखणीत. ते ती उन्हात धरून दाखवायला लागले आणि सुकवारो उठून उभी राहिली.

"हा बिजा व्हय का जी?"

"हो. असा बिजा आता सापडत नाही."

"आमच्या घरी बिज्याले लोखंड नाही लावत. आमच्या कुराचं झाड आहे. कोनी कापला तं त्याच्या सावलीतई नाही बसत आमी."

मिस्त्रींचा चेहरा पडला. इतकी वर्षं जंगलाच्या शेजारात काढली. प्रत्येक कुळाचं आपलं झाड असतं हे ऐकून माहीतही होतं. पण त्यांनी लाकडाला सगळं विचारलं होतं, माणसाला विचारलं नव्हतं. ते मुकाट्यानं आत गेले नि बाकीच्या फळ्या एकेक करून बाहेर आणू लागले. शिसम आणला, तिनं तोलला आणि लगेच खाली ठेवला, नळीच्या वजनासकट तो तिला पेलणारा नव्हता. सागवानाला मनगटाशी फुटायची खोड. शिवण हलकी, पण एका हंगामात चेपणारी. सुकवारो उभीच होती. दुसऱ्या कुठल्या सुताराकडे जायला धान थांबणार नव्हता.

मिस्त्री ओट्यावर बसून राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चुलीजवळून बघत होते. मला कळलं ते काय विचारताहेत. देऊन टाकावी असं वाटेना, खोटं कशाला बोलू. ती फळी घरातल्या माणसासारखी झाली होती. मी म्हणाले, "शिडी मागल्या पडवीत आहे."

फळी खाली आली. पुसल्यावर काळ्या रेघा वर आल्या. सुकवारो पुष्कळ वेळ बघत होती.

"हे कोनतं झाड?"

"अक्रोड. लय दूरचं. तिकडं बर्फ पडते."

"आमच्यात कोनाचं नाही हे झाड," ती विचार करून म्हणाली. "चालन."

मिस्त्रींनी करवत उचलली तशी ती म्हणाली, "थांबा जी." तिनं माझ्याकडून तांब्याभर पाणी आणि चिमूटभर तांदूळ मागून घेतले. फळीवर पाणी शिंपडलं, तांदूळ ठेवले, दोन्ही हात टेकवले आणि गोंडीत काहीतरी बोलली. फार नाही, चार-दोन वाक्यं. शेजारणीला निरोप सांगावा तशी. मला गोंडी येत नव्हती. पुढं चहा देताना मी विचारलं, काय म्हणालीस?

"काय म्हननार बाई? आपल्या इकडचं झाड राहिलं असतं तं त्याच्या देवाले पुसलं असतं. याचं कोन आहे मले मालूम नाही. म्हटलं, तुह्या मानसाईनं पुसलं तं सांगजो, सुकवारोनं नेला."

ते काही दिवस आमचं अंगण अक्रोडाच्या भुशानं भरून गेलं. त्या भुशाला एक कडवट, गार वास असतो. सुकवारो पहाटे जागलीवरून डबे बडवून यायची, अंगणात लोखंड मांडीवर घेऊन बसायची, बसल्या बसल्या पेंगायची. सासूबाई सकाळी शील म्हणून झालं की तिला भाकर द्यायच्या. दोघींचं जमलं. एकदा सासूबाई मला म्हणाल्या, "ही झाडाची माफी मागते. आपन शील घेऊन बी कोनाची माफी नाही मागत."

कुंदा झाला. मिस्त्रींनी त्याला जवसाचं तेल पाजलं. तळहातानं, उबेपर्यंत घासून. नक्षी सारी खांद्याकडच्या टोकाला आली होती, तिथं रेघा भोवऱ्यासारख्या फिरत होत्या. सुकवारोनं स्वतःच्या हातानं लोखंड बसवलं. डोळे मिटले, उचलला, उघडले. तिची मान हलली नाही. ती हसली, आणि मिस्त्री दिवसभर उगाचच गुणगुणत राहिले.

दिवाळी झाली. गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या, दंडारीच्या खेळांच्या ढोलक्या वाजू लागल्या आणि एका रात्रीत थंडी उतरली. एक दिवस सकाळी दवानं अजून अंगण ओलं असताना सुकवारो दारात उभी. अंगावर गुडघ्यापर्यंत आलेला खाकी लोकरीचा कोट, बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी जाड वळ्या झालेल्या.

"मिस्त्रीभाऊ, तुमचा कुंदा काखेत अडकून राहिला," ती म्हणाली. "डुकरं बांधीत घुसले, मी उचलून राहिली, अन् हा कोटात फसला. बार निंघालाच नाही. एक कोपरा लोरवला त्याईनं."

मिस्त्रींना क्षणात कळलं. माप त्यांनी उन्हात घेतलं होतं, पातळ लुगड्यावर. आणि जागल थंडीत असते. लोकरीची जाडी त्यांनी धरलीच नव्हती. इतकं साधं. ते कुंदा हातात घेऊन ओट्यावर बसले. कमी करायचं तर खांद्याकडचं टोकच कापावं लागणार, म्हणजे जिथं ती सारी नक्षी होती तिथंच करवत लावायची. इतकी वर्षं जपलेल्या लाकडाचा सगळ्यात सुंदर भाग.

"कोट काढून बसता नाही येत का?" ते जरा हळू म्हणाले. "घोंगडं घ्या ना. उचलाच्या वक्ताले खाली टाकून द्याचं."

सुकवारोनं दुमडलेली बाही सरळ केली, परत दुमडली.

"कोट नाही काढत जी," ती म्हणाली.

मी दारात उभी होते. तो कोट मी ओळखत होते. तिचा नवरा पोरीला शाळेत सोडायला यायचा तेव्हा हिवाळ्यात तोच घालून यायचा, आणि त्याला तो बरोबर बसायचा. मिस्त्रींनी एकदा कोटाकडे बघितलं, एकदा लाकडाकडे. मग त्यांनी पुढं काही न विचारता तिला टोकाची लोखंडी पट्टी काढून घ्यायला सांगितलं आणि बारीक दातांची करवत घेतली. अंगठ्याच्या जाडीची एक चकती कापून खाली पडली. ती पडल्याचा आवाज मला अजून आठवतो, कारण तो फार लहान होता.

या माणसाला मी किती वर्षं ओळखत होते, पण त्या सकाळी तो मला फार आवडला. असं बायकोनं लिहू नये म्हणतात. लिहिलं.

सुकवारोचा धान आला. सगळा नाही, डुकरांनी, पाखरांनी आपला वाटा नेलाच. पण खळं भरलं. तिनं एकही डुक्कर मारलं नाही, सारे बार आभाळात. ते शीलासाठी नव्हे, "मारून कोन वढत नेईल?" असं तिचं म्हणणं. एका मंडईत तिचा दीर आम्हाला भेटला. पान खाता खाता स्वतःच म्हणाला, "राखला ना जी वहिनीनं. बांध्या तिच्याच." त्याच्या बोलण्यात हरल्याचं काही नव्हतं, उलट घरातलं कोणी परीक्षेत पास झाल्यासारखा तो आम्हाला सांगत होता. घरी नव्या तांदळाची पूजा केली तेव्हा सुकवारोनं देवांच्या पानांशेजारी एक पान त्या परमुलखाच्या झाडासाठीही वाढलं, असं सरितानं मला वर्गात सांगितलं.

चकती मिस्त्रींनी फेकली नाही. घासली, तेल पाजलं आणि माझ्यासमोर ठेवली. "घे. तांब्या ठेवाले होईल." तिच्यावर मी कधी तांब्या ठेवला नाही. माझा चष्मा तिच्यावर असायचा. वह्या तपासताना थकले की मी त्या भोवऱ्यावरून बोट फिरवायची, बाहेरून आत, आतून बाहेर. मिस्त्री गेल्यावर मी ती त्यांच्या फोटोपुढं ठेवली. त्यांची हत्यारं गावातल्या देवाजी सुताराला दिली, माळा रिकामा केला. पण निसव्याच्या दिवसांत मी चकतीला जवसाचं तेल लावायची. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तेल लावल्यावर रेघा वर यायच्या आणि घरात ते बसलेत असं वाटायचं.

परवाच्या बारानंतर दुसऱ्याच दिवशी सुकवारो आली. केस पांढरे, डोळ्यांवर मोतीबिंदूचा चष्मा. सोबत सरिता, आता पुरती बाई झालेली, चौकटीत वाकून आत येणारी. गोंदियात शिकून परत आलीय. बांध्या आता तीच बघते, परवानाही तिच्या नावावर झाला. आदल्या संध्याकाळचा बार तिचा होता.

"नाक पाहा जी, बाई," सुकवारो म्हणाली. सरिताच्या नाकावर खरचटलं होतं. "बापाचे हात घेतले हिनं. कुंदा लहान पडते. बार काढला का अंगठा नाकाले लागते. अन् कोट घाल म्हटलं तं घालत नाही, जॅकेट घालते, कागदावानी."

"देवाजीकाका म्हणाले, सागाचा तुकडा जोडून देतो," सरिता म्हणाली. "पण आईला पटत नाही."

सुकवारो पदराचं टोक चाळवू लागली. तिला भीड पडलेली मी कधी पाहिली नव्हती. मग म्हणाली, "बाई, तवा मिस्त्रीभाऊनं कापला होता, तो तुकडा आहे का अजून?"

तो तिथंच होता, तिच्या नजरेसमोर, फोटोपुढं. अंधूक डोळ्यांना दिसला नसावा. आहे म्हणायला मला वेळ लागला. मनात आलं, नाही म्हणावं. कोणाला कळणार होतं? मिस्त्रींच्या हातचं सारं गावात वाटलं गेलं, दारं लोकांच्या घरांना, नांगर लोकांच्या बांध्यांत. माझ्याकडे त्यांच्या हातचं एवढंच होतं. मी फोटोकडे बघितलं. तो माणूस त्यात नेहमीसारखाच उन्हात फळी धरल्यासारखा डोळे बारीक करून बघत होता. मी चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि चकती उचलून सुकवारोच्या हातात दिली. तिनं ती बोटांनी चाचपली आणि ओळखली.

देवाजीला इथंच बोलावलं. सरिता लोखंड मांडीवर घेऊन अंगणात बसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, लहानपणी पाहिलेलं तिच्या लक्षात होतं. देवाजीनं चकती कुंद्याला टेकवली आणि आम्ही सगळे वाकलो. रेघा जुळत होत्या, पण अगदी नाही. प्रत्येक रेघ केसभर सरकलेली. "करवतीनं खाल्लं तेवढं," देवाजी म्हणाला. "तेवढं नाही येत परत." मग त्यानं जोड चिकटवला, आतून लाकडी खुंट्या मारल्या आणि दिवसभर आवळून ठेवला.

तेल मी लावलं, तळहातानं, उबेपर्यंत. काम झाल्यावर सरिता अंगणात उभी राहिली, आणि माप बघणारं कोणी नाही हे पाहून मीच म्हणाले, "डोळे मिट. आता उचल. उघड."

तिनं उघडले. तिची मान हलली नाही.

"बसला, बाई," ती म्हणाली.

त्या निघाल्या. मी फाटकापर्यंत गेले. सरिताच्या खांद्यावरून कुंदा माझ्याकडे वळला होता, आणि उन्हात तो भोवरा दिसत होता, मधल्या त्या बारीक जोडासकट. मी कधी झाडाशी, लाकडाशी बोललेली बाई नव्हे. आमच्या घरची ती रीतच नाही. पण मी हात पुढं करून जोडावर ठेवला आणि कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "मिस्त्रींनी विचारलं तर सांग, सुकवारोनं नेला."